शून्य नऊ शून्य नऊ

आमच्या गावात माणसांना नावं आहेत, पण ती आधार कार्डापुरती. रोजच्या वापरात चालतात ते गाड्यांचे नंबर. दारात येऊन कोणी "अठ्ठावीस-तीस हाय का घरी?" म्हणून विचारलं, की आतून त्याची बायको सांगते, "वावरात गेले." दवाखान्यात गर्दी झाली की कंपाउंडर ओरडतो, "सत्तर-बारा, चला आत!" आणि तापानं फणफणलेला एक इसम उठून आत जातो. मोबाईलचा पासवर्ड म्हणजे गाडीचा नंबर. एटीएमचाही तोच. म्हणजे अख्ख्या गावाला अख्ख्या गावाचं खातं उघडता येतं; आत काही नसतं म्हणून शांतता आहे.

आष्टीच्या पुढं, वर्धा नदीच्या अलीकडं आमचं गाव. नदीवर पूल. पुलाच्या या बाजूला एमएच बत्तीस, म्हणजे वर्धा जिल्हा. त्या बाजूला एमएच सत्तावीस, म्हणजे अमरावती. या बाजूला दारूबंदी आणि त्या बाजूला, पुलाला पाठ टेकून उभा असल्यासारखा, एक बार. आमचा भूगोल एवढाच आहे. इतिहास त्यातून रोज संध्याकाळी आपोआप तयार होतो.

नामदेव थूल सर माझे शेजारी. आता ते रिटायर होऊन आंजीला लेकीकडं गेले, पण आमच्या दोन घरांमधली कमरेएवढी भिंत अजून आहे आणि त्या भिंतीवर कोपर टेकवून मी जे पाहिलं, तेच सांगतो. वाढवून सांगायची मला सवय नाही, हे सारा तालुका जाणतो.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. अंगानं इतके बारीक, की वाऱ्याच्या दिवशी मी कित्येकदा त्यांना खिडकीतून हाका मारून घरात बोलवून घेतलं आहे. शर्टाला कडक इस्त्री. चेहरा असा, की आत्ता कोणाची तरी माफी मागणार आहेत. रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर हॉर्न वाजवण्याआधी ते गाडी थांबवून खाली उतरायचे आणि त्याला म्हणायचे, "उठ बापा, जरा जाऊ दे." अंगणातून ओट्यावर गाडी चढवताना इंडिकेटर लावणारा मनुष्य माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

गाडी म्हणजे शंभर सीसीची काळी मोटरसायकल. आमच्याकडे लोक नंबरासाठी काय काय करतात! आकड्यांची बेरीज नऊ यावी म्हणून कोणी साहेबाच्या मेव्हण्याला गाठतो, कोणी ज्योतिष्याला. आमच्या सरपंचानं तर चांगला नंबर मिळेपर्यंत गाडी आठ महिने गोठ्यात बांधून ठेवली, तिच्यापुढं गवतही टाकत असावा. थूल सरांनी काही केलं नाही. रांगेत उभे राहिले आणि मिळाला तो नंबर घेऊन आले: शून्य नऊ शून्य नऊ. पाळण्यातल्या पोराला पाठ व्हावा असा. दुसरा कोणी असता तर त्यानं पेढे वाटले असते. सर त्या पाटीकडे पाहून म्हणाले, "लय सोपा हाय. लोकाईच्या ध्यानात राहीन."

राहिला. तिथंच सगळा घोटाळा झाला.

कारण सरांची गाडी सरांकडे राहायचीच नाही. ओट्यावरच्या खुंटीला चावी टांगलेली असायची, बाहेरच्या बाजूनं. ज्याला लागेल त्यानं यावं, "सर, गाडी नेऊ का?" म्हणावं, आणि सरांनी "नेजो" म्हणावं. त्या "नेजो"ला कुलूप नव्हतं. मी एकदा भिंतीवरून म्हटलं, "सर, नाई म्हनाले शिका जरा."

"काऊन?"

"गाडीचा पार खटारा करून राह्यले लोकं."

"लोखंड हाय भाऊ, झिजन. त्याच्यासाठीच असते ते." मग म्हणाले, "आमच्या बुढ्याले साप चावला होता, तवा आम्ही ज्या गावात होतो, तिथं बारा घरी सायकली होत्या. मी लहान होतो. बाराही घरी गेलतो. कोणाच्या हवा नव्हती, कोणाची चैन उतरली होती. आमच्या घरचं कोणी त्याईच्या सायकलवर बसावं, हे त्याईच्या जिवावर येत होतं. मले सायकल नाई भेटली."

एवढंच. पुढं मी कधी त्यांना तो सल्ला दिला नाही. पण गावाला त्यांचं हे कारण माहीत नव्हतं, चावी मात्र माहीत होती.

आता पहा, गाव ओळखतं नंबरानं. गाडी हिंडते गावभर. मग सर एकाच दुपारी आष्टीच्या बाजारात वांगी घेताना दिसत, तळेगावच्या फाट्यावर रसवंतीत दिसत, आर्वीला तहसीलसमोर दिसत, आणि त्याच वेळी शाळेत पाचवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत असत. देवालाही एवढं जमलेलं नाही. केंद्रप्रमुखांनी एकदा त्यांना बोलावून विचारलं, "थूल सर, शाळेच्या वेळात तुम्ही बाजारात?" सर म्हणाले, "मी नव्हतो, गाडी होती." ते म्हणाले, "गाडी एकटी गेली होती?" कोण घेऊन गेला ते सांगितलं, तर त्या माणसाची चौकशी. सांगितलं नाही, तर आपली. सरांनी लेखी खुलासा स्वतःच्या नावावर घेतला आणि घरी येताना, गाडी घेऊन वांगी आणायला गेलेल्या त्याच माणसाच्या घरी चावी देऊन आले, कारण त्याला संध्याकाळीही गाडी हवी होती.

एकदा तर कहर झाला. गावातला एक लग्नाळू पोरगा सरांची गाडी घेऊन मुलगी पाहायला गेला. स्वतःचीच म्हणून सांगितलं. मुलीचा मामा बेरकी. चहा येईपर्यंत त्यानं मोबाईलवर नंबर टाकला, मालकाचं वय आणि अर्धवट नाव आलं, आणि त्यानं बैठकीतच तोंड उघडलं, "दाखल्यावर पंचावन्न वर्षं लिवलं हाय. पोरगं दिसाले बरं हाय, पन एवढ्या वयाचा जावई आमाले नको!" दुसऱ्या दिवशी त्या मामाचे दोन पाहुणे सरांच्या दारात. "या वयात हे धंदे शोभते का सर?" सर हात जोडून उभे. मागं कमलताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून उभ्या. मला वाटलं रडतात. जवळून पाहिलं तर हसू आवरत नव्हतं. तेव्हा त्या घरात हसू होतं.

कमलताई म्हणजे सरांच्या अगदी उलट. सरांना नाही म्हणता येत नव्हतं आणि ताईंना हो. गावातल्या बायांचं दारूबंदी पथक त्यांनीच काढलं. आमची दारूबंदी सरकारी, म्हणजे कागदावर कडक. पुलापलीकडे जाऊन पिऊन यायला कागद आडवा येत नाही. म्हणून ताईंनी बायका घेऊन पुलाच्या टोकाशी दिवेलागणीला उभं राहायला सुरुवात केली. परतणारी गाडी थांबवायची. पण ओळखायचं कसं? आमच्याकडं ऊन असो नसो, गडी तोंडाला डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळूनच गाडी चालवतो. मग बायका पाटी पाहायच्या. गड्यांनी पाट्यांना चिखल फासायला सुरुवात केली. उन्हाळ्यात, नदी कोरडी असताना, चिखल! त्यासाठी लोक घरून डब्यात कालवून नेत. ताईंनी पुलावर पाण्याची बादली ठेवली. फडका मारला, की नंबर लख्ख. त्या काळात वर्धा जिल्ह्यातल्या सर्वांत स्वच्छ पाट्या आमच्या गावच्या बेवड्यांच्या होत्या.

मग सकाळी बुद्ध विहाराच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूनं ते नंबर लागायचे. नाव नाही. नाव लिहिलं की भांडण. नुसते चार आकडे. येणारी-जाणारी बाई वाचायची, पोरं वाचायची, आणि ज्याचा नंबर असेल तो तीन दिवस मागच्या गल्लीनं ये-जा करायचा. पोलिसांनी जे साधलं नाही ते खडूनं साधलं. निम्मं गाव सुधारलं. उरलेलं निम्मं पायी जाऊ लागलं.

आणि ताईंचा सगळ्यात मोठा विजय म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, बाल्या. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवला. तो पार वाया गेला होता. ताईंनी त्याला आपल्या घरी आणलं, कोंडलं, मारलं, जेवू घातलं, आणि एक दिवस आईच्या फोटोवर हात ठेवून त्यानं सोडली म्हणून सांगितलं. ताई प्रत्येक सभेत त्याला पुढं उभा करायच्या. "हा माहा भाऊ. हा सोडू शकते त तुमचा नवरा काऊन नाई?" त्या एका वाक्यावर आसपासच्या गावांतल्या बाया उठून पथकात आल्या. बाल्या खाली मान घालून उभा राहायचा. मला ती मान फार खाली वाटायची.

आता मी पुलापलीकडं का जायचो, ते सांगून टाकतो. मला संत्र्याची बाग लावायची होती. कलमा तिकडेच चांगल्या मिळतात. चांगली कलम निवडायला वेळ लागतो, कधी कधी बसूनही पाहावं लागतं. तर अशाच एका संध्याकाळी मी कलमा पाहत असताना बारसमोरच्या रांगेत शून्य नऊ शून्य नऊ दिसली. पाटीला चिखल नव्हता. जवळ दुपट्टा सोडून पाणी पीत होता तो बाल्या. त्यानं मला पाहिलं, मी त्याला. तो म्हणाला, "भाऊ, कलमा घ्याले आलते का?" मी म्हटलं, "हौ." तो म्हणाला, "मीही." प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारासमोर गर्दी. बायांनी नंबर आणले होते, ताईंच्या हातात खडू. वच्छलामावशी, पथकातली सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात तिखट, म्हणाली, "कमल, येक नंबर राह्यला तुहा."

"कोणता?"

"तुले मालूम हाय."

मागून कोणीतरी गडी बोलला, "घरचा हाय म्हनून लिवता येत नाई वाटते!" हशा झाला. सर तिथंच होते, शाळेत निघालेले. बाल्याही होता, खांबाला टेकून. ताईंनी सरांकडं पाहिलं. सगळ्या गावानं सरांकडं पाहिलं. एक शब्द, "मी नव्हतो," एवढाच बोलायचा होता. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग कोण होतं? आणि त्याचं उत्तर खांबाला टेकून उभं होतं. ते उत्तर दिलं असतं तर ताईंचा भाऊ गेला असता, पथक गेलं असतं, आणि चारचौघांत सांगितलेलं ते एक वाक्य जन्मभर त्यांच्या अंगावर आलं असतं.

सर म्हणाले, "गाडी माही हाय. नंबर माहा हाय."

खोटं एक अक्षर नाही. ताईंनी भिंतीकडं तोंड केलं आणि लिहिलं. शून्य. नऊ. शून्य. नऊ. शेवटच्या नवाची शेपटी काढताना खडू तुटला.

त्या दिवसापासून ताई सरांशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, शब्द नाही. गावच्या व्यसनमुक्ती समितीचे सर अध्यक्ष होते, ते पदही त्यांनी स्वतःच सोडलं. शाळेत पोरं फळ्यावर बाटलीचं चित्र काढून ठेवायची. सर ते पुसायचे आणि त्याच जागी लसावि काढायला घ्यायचे. मी भिंतीवरून म्हटलं, "सर, किती दिवस?"

"तुमी पाह्यलं ना त्याले तिकडं?"

"पाह्यलं."

"मंग सांगत काऊन नाई तिले?"

"मी सांगू? ते इचारतीन ना, तुमी तिकडं काय करत होते."

"कलमा आनाले गेलते ना."

"हौ ना," मी म्हटलं. "पन त्याईचा कुठं इश्वास बसते."

सर पहिल्यांदाच हसले, आवाज न करता. असे आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना अडकलो. बाल्याची चावी मात्र सुटली नाही. गावातल्या बाकीच्यांनी गाडी मागणं बंद केलं. फळ्यावर गेलेल्या नंबरावर बसून कोण कुठं जाणार? बाल्या एकटाच नेत राहिला. सरांनी चावी आत का नाही ठेवली, म्हणाल. मीही विचारलं. म्हणाले, "मंग तो लोकाईच्या मांगं बसून जाईन. पेलेल्या लोकाईच्या."

मधे सरकारनं नव्या पाट्या सक्तीच्या केल्या, त्या चकचकीत, कुलूपबंद. सर एकदम उजळले. मला म्हणाले, "भाऊ, नवी पाटी म्हंजे नवा नंबर भेटत असन ना?" मी खरं सांगितलं नाही, एवढ्या आशेनं विचारणाऱ्याला काय सांगणार. आष्टीला पाटी बसवायला मीही बरोबर गेलो. रांगेत उभे असताना सर लहान पोरासारखे पुढं वाकून पाहत होते. पाट्या बसवणाऱ्या पोरानं जुनी पाटी काढून वाकवली, नवी लावली. चमचमती शून्य नऊ शून्य नऊ. आधी रंग तरी उडालेला होता, आता दुरून वाचता येत होती.

"नंबर तोच?" सर म्हणाले.

"सर, नंबर गाडीचा राह्यते. पाटी बदलते फक्त."

"आन हे निघत नाई?"

"काढाले गेलं का तुटते. कुलूपच तसं हाय." आणि त्यानं शेवटचं बटण दाबलं. कट्ट. सरांनी त्या आवाजाला मान डोलावली, जणू कोणी हजेरी घेतली होती.

मग एकदा बाल्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला पडला. हनुवटी फुटली. घरी सांगितलं, म्हैस आडवी आली. ताईंनी हळद लावली, काही विचारलं नाही. त्या दिवसानंतर सर स्वतः गाडी काढू लागले. बाल्याला मागं बसवायचं, पुलापलीकडं न्यायचं, तो आत असेपर्यंत बाहेर सिमेंटच्या ओट्यावर बसायचं, आणि त्याला परत आणायचं. ज्या माणसानं जन्मात दारूचा वास घेतला नव्हता, तो बारच्या दारात लिंबू सोडा घेऊन पोरांचे पेपर तपासत बसलेला मी स्वतः पाहिला. आतला वेटर रिकाम्या वेळात बाहेर येऊन त्यांच्याकडून टक्केवारी शिकला. पुढं त्याची बिलं बरोबर येऊ लागली, तशी गिऱ्हाइकं कमी झाली म्हणतात. फळ्यावर आतापर्यंत जे उगाच लिहिलं जात होतं, ते आता खरं झालं होतं. सर खरोखर बारवर जात होते. दर वेळी नंबर लागायचा, दर वेळी ताईच लिहायच्या.

शेवटचं पाहिलं ते असं. सरांची निवृत्ती जवळ आली होती. दिवस मावळला होता, पण उजेड होता. मी पलीकडून येत होतो, गाडीला कलमांची पिशवी. माझ्यापुढं सर, मागं बाल्या. बाल्या त्या दिवशी फारच सैल होता. एकदा डावीकडं कलायचा, एकदा उजवीकडं, आणि सर एक हात मागं नेऊन त्याचा पट्टा धरायचे, की गाडी डगमगायची. पुलाच्या टोकाला बायका आडव्या झाल्या. मधोमध कमलताई. वच्छलामावशीच्या हातात बादली.

सरांनी गाडी थांबवली. पाय टेकला. मान खाली. बाल्याचा दुपट्टा सुटून गळ्यात आला होता. आता काही झाकलेलं उरलंच नव्हतं. कोणीतरी नुसतं "अवो माय" म्हटलं.

ताई पुढं आल्या. त्यांनी पाटीकडं पाहिलं नाही. भावाच्या हनुवटीवरच्या जुन्या खुणेकडं पाहिलं, त्याला दंडाला धरून पुढं सरकवलं, आणि दीड वर्षानं नवऱ्याशी पहिला शब्द बोलल्या.

"त्याले मंधात घ्या. मांगं बसवलं का पडते तो. पहिल्या दिवसापासून पाहून राह्यली मी."

सरांनी मान वर केली. "पहिल्या दिवसापासून?"

"मंग? पुलावर कोण उभं राह्यते, तुमी का मी?" ताई म्हणाल्या. "मले त्याचा नंबर लिवता येत नव्हता. त्याले नंबरच नाई. तुमचा लिवला, मंग कोणत्या तोंडानं बोलू तुमच्याशी? सरका पुढं."

आणि सगळ्या पथकासमोर, पदर खोचून, त्या बाल्याच्या मागं बसल्या. गाडी निघाली. खोचलेला पदर सुटून मागं लोंबला आणि नवी पाटी त्याखाली गेली.

मग वच्छलामावशीनं माझ्याकडं मोर्चा वळवला. "भाऊ, तुमी त मांगंच होते. नंबर कोणता होता त्या गाडीचा?"

गावातल्या कुत्र्यांनाही पाठ असलेला नंबर. मी म्हटलं, "मावशे, पदर आला ना आडवा. दिसला नाई."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "असं का. तुमच्या गाडीले त पदर नाई," म्हणाली, आणि अख्खी बादली माझ्या पाटीवर रिकामी केली.

बायका हसत होत्या. मी ओल्या पायांनी उभा राहून पुढं पाहत होतो. रस्त्याच्या चढाला गाडी लागली होती, तिघांच्या वजनानं मागून बसलेली, रडत-कुथत. बाल्याचं डोकं सरांच्या पाठीवर पडलं होतं. त्याला ओलांडून ताईंचा हात पुढं गेला होता आणि त्या हातानं सरांच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली होती. सरांना ना वळून पाहता येत होतं, ना थांबता येत होतं. ते तसेच चढ चढत होते.